डाग आणि सांधा

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात यज्ञात पडलेला दोष कसा भरून काढावा हे सांगताना उपनिषत्कारांनी एक मोठी मजेदार उपमा योजली आहे. सोने क्षाराच्या साहाय्याने सांधतात, आणि पुढे एका धातूने दुसरा धातू सांधण्याची एक साखळीच तिथे मांडली आहे. तीत शिसे सांधण्यासाठी कथील येते. त्या लवणाचा अर्थ टाकणखारासारखा क्षार असा भाष्यकार लावतात. आणि आपला सोनार आजही टाकणखार लावूनच झाळ देतो. ब्रह्मविद्येच्या ग्रंथात ही कारागिरी सहज येऊन बसली, यावरून एवढे तरी खास दिसते की, हे उपनिषद रचणाऱ्यांनी सोनाराची भट्टी जवळून पाहिलेली होती.

मी इतिहास शिकवणारा मनुष्य. आमच्या पाठ्यपुस्तकांत लढाया असतात, तह असतात, राजांच्या वंशावळी असतात. सांध्याचा इतिहास मात्र कुठेच नसतो. वास्तविक गेल्या शंभर वर्षांत माणसाने जे जे बोलके, दिसते आणि गणिती यंत्र घडवले, ते सारे कथलाच्या थेंबांवर उभे आहे. रेडिओ, दूरचित्रवाणी, संगणक, विमान, खिशातला फोन, यांपैकी कशाचेही झाकण उघडा. आत एक हिरवी पाटी आणि तिच्यावर शेकडो, हजारो चकाकते ठिपके दिसतील. त्यांतला एक ठिपका निकामी झाला की सारे यंत्र मुके होते. ह्या ठिपक्याची कुळकथा सांगावी आणि त्याच्या दोषाचे खापर आजवर कोणाच्या माथी फुटत आले हेही पाहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्याकडे ह्या कामाला 'डाग देणे' म्हणतात. बादली गळू लागली, कंदिलाची टाकी फुटली, की ती डाग द्यायला नेत. मराठीतला हा शब्द मोठा बहुरूपी आहे. कपड्यावर पडला तर तो कलंक, अंगावर घातला तर दागिना, हमालाच्या डोक्यावर असला तर सामानाचा नग, आणि भांड्याला दिला तर सांधा! पुण्याच्या कसब्यात तांबट आळी आहे. तिथल्या ठोक्यांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना कल्हईवाल्याचे काम निराळे सांगायला नको. निखाऱ्यावर भांडे तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने झटक्यासरशी ते पसरवायचे. ह्यात नवसागराचे काम काय? तापलेल्या तांब्यावर हवेने एक काळी पुटे चढलेली असतात. ती पुटे निघाल्यावाचून कथील तांब्याला शिवतच नाही. पाण्याचा थेंब अळवाच्या पानावर लोळावा तसे ते नुसते लोळत राहते. नवसागर ती पुटे खाऊन टाकतो आणि मग कथील तांब्याला बिलगते.

बिलगते हा शब्द मी मुद्दाम वापरला. डाग म्हणजे डिंक नव्हे. वितळलेले कथील तांब्याला भेटते तेव्हा दोघांच्या सीमेवर एक तिसराच पदार्थ तयार होतो, तांब्याचा आणि कथलाचा मिळून एक अत्यंत पातळ थर. सांध्याचा सारा जोर ह्या थरावर असतो. उष्णता कमी पडली तर थर धरतच नाही. वरून गोळा सुबक दिसतो, पण आत सांधा नसतो. उष्णता जास्त झाली, किंवा फार वेळ दिली, तर थर जाड होतो, आणि हा पदार्थ मुळात ठिसूळ असल्यामुळे जाड थर पुढे तडकतो. कारागिराचे कौशल्य ह्या दोन चुकांच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत असते.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. शुद्ध कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. पण त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसे एकत्र केले, तर ते मिश्रण दोघांहूनही कमी, अवघ्या १८३ अंशांना वितळते, आणि मधल्या लापशीसारख्या स्थितीत न रेंगाळता एकदम गोठते. रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने पहिल्या शतकातच दोन भाग शिसे व एक भाग कथील अशा मिश्रणाने नळ जोडतात असे नमूद केले आहे. शिसे स्वस्त, कथील महाग. तेव्हा नळकाम करणाऱ्यांनी शिसे जास्त घातले, तर विजेचे काम करणाऱ्यांनी कथील. एवढा फरक सोडला तर दोन हजार वर्षे कृती तीच राहिली. फक्त विजेच्या कामात नवसागर किंवा तेजाब चालेना, कारण त्याचा उरलेला अंश बारीक तारा कुरतडून खातो. त्याच्या जागी झाडाची राळ आली. राळेचा गुण असा की, ती गरम असते तोवर पुटे खाते आणि थंड झाली की निमूट बसते.

आता रेडिओच्या काळात येऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला रेडिओ उलटा केला की लोखंडी पत्र्याखाली तारांचे एक जंगलच दिसे. प्रत्येक तारेचे टोक हाताने वाकवायचे, खुंटीला अडकवायचे आणि डाग द्यायचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टीफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. रोधकाला टोके दोन आणि डायोडलाही दोन. म्हणजे नळ्या बाजूला ठेवल्या तरी २८,४०० टोके नुसती जोडायची! त्यांतले एक ढिले राहिले तर गणित चुकणार, आणि कोणते ढिले आहे ते शोधायला कोणी तरी दिव्याखाली डोळे फोडत बसणार.

हे जंगल तोडण्याची कल्पना नवी नव्हती. १९०३ मध्ये अल्बर्ट हॅन्सन ह्याने चपट्या धातुपट्ट्या कागदावर चिकटवण्याचे पेटंट मागितले होते. १९२५ मध्ये चार्ल्स ड्यूकास ह्याने विद्युत्‌वाहक शाईने मार्ग छापण्याची युक्ती सुचवली. पण आजच्या पाटीचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो पॉल आयस्लर. हा १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला ज्यू. शिक्षणाने इंजिनिअर, पण ज्यूंना नोकरी मिळणे कठीण, म्हणून त्याने छापखान्यात काम केले आणि तिथे मुद्रणाची कला शिकला. १९३६ मध्ये तो इंग्लंडला निसटला, आणि लंडनच्या हॅम्पस्टेड भागात एका खोलीत बसून त्याने छापील मार्गांचा रेडिओ जुळवला. विचार साधा होता: पुस्तकाचे पान जर हजारदा सारखेच छापता येते, तर तारांचे जाळे का छापू नये? तांब्याचा पातळ पत्रा पाटीवर चिकटवायचा, हव्या त्या मार्गांवर शाई छापायची आणि उरलेले तांबे रसायनात विरघळवून टाकायचे.

ही युक्ती घेऊन तो प्लेसी ह्या ब्रिटिश कंपनीकडे गेला. तिथे मिळालेले उत्तर त्याने पुढे सांगून ठेवले आहे. तारा जोडण्याचे काम मुली करतात. त्या स्वस्त पडतात आणि काम बदलले तर त्याही बदलतात, मग पाटी हवी कशाला? इतिहासाच्या विद्यार्थ्याने ह्या उत्तरापाशी क्षणभर थांबावे. नव्या यंत्राने माणसाचे काम जाते हे आपण नेहमी ऐकतो. इथे माणसाचे काम इतके स्वस्त होते की यंत्रालाच दार बंद झाले! १९४० मध्ये तर इंग्रज सरकारने ह्या निर्वासिताला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. सुटल्यावर संगीताच्या लिप्या छापणाऱ्या एका लंडनच्या मुद्रणसंस्थेने, हेंडरसन अँड स्पॉल्डिंगने, त्याला आसरा दिला आणि १९४३ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९६३ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात ते पेटंट टिकले नाही. १९९२ साली तो वारला तेव्हा जगातल्या कोट्यवधी घरांत त्याची कल्पना नांदत होती.

पाटीला खरी गती दिली ती मात्र युद्धाने. लक्ष्याजवळ पोचताच आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये अमेरिकेने चिनी मातीच्या तुकड्यांवर चांदीच्या शाईचे मार्ग छापले. तोफेतून उडताना जो धक्का बसतो तो हाताने जोडलेल्या तारांना सोसणे अवघड. युद्ध संपल्यावर १९४९ मध्ये अमेरिकन सैन्याच्या सिग्नल विभागातील मो अब्रामसन आणि स्टॅनिस्लॉस डँको यांनी पुढचे पाऊल टाकले. सुट्या भागांचे पाय पाटीच्या भोकांतून खाली काढायचे आणि पाटीची खालची बाजू वितळलेल्या मिश्रणात एकदाच बुडवायची, की सारे सांधे एका दमात! १९५६ मध्ये इंग्लंडच्या फ्राइज मेटल्स कंपनीने ह्यात सुधारणा केली. पाटी बुडवायची नाही. पंपाने वितळलेल्या कथील-शिशाची लाट उठवायची आणि पाटी तिच्यावरून सरकवायची. एकेक डाग देणारा हात तिथे संपला.

हात संपला, पण दोष संपला नाही. तो केवळ आपली जागा बदलून बसला, आणि माझ्या कथेचा खरा विषय हाच आहे. सुरुवातीच्या पाट्या कागद आणि बेकेलाइटच्या जातीच्या राळेच्या असत. दुरुस्ती करणाऱ्याने डाग काढायला थोडी जास्त उष्णता दिली की तांब्याची पट्टी पापुद्र्यासारखी सुटून येई. जड भागांभोवतीचे सांधे हादऱ्यांनी तडकत. लोकांचा विश्वास इतका उडाला की अमेरिकेतील झेनिथ कंपनी पुढे साठोत्तर काळातही 'आमच्या दूरचित्रवाणी संचात छापील पाटी नाही, सारे हाताने जोडलेले आहे' अशी जाहिरात अभिमानाने करीत असे. ज्या मुलींचे हात स्वस्त म्हणून पाटी नाकारली गेली, तेच हात आता उंची मालाची खूण ठरले.

हळूहळू ध्यानात आले की सांधा बिघडण्याचे कारण डागापेक्षा आराखड्यात असते. एक उदाहरण घ्या. एखादे भोक तांब्याच्या मोठ्या पसरट पट्ट्याला थेट जोडलेले असले, तर डाग देताना दिलेली उष्णता तो पट्टा शोषून घेतो. रुंद परातीच्या काठाला मेणबत्ती लावण्यासारखेच ते. कारागीर कितीही कुशल असो, तिथे सांधा थंडच राहणार. ह्यावर उपाय आराखडा काढणाऱ्याकडे असतो. भोकाभोवती तांबे कोरून टाकायचे आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या चार अरुंद पट्ट्या ठेवायच्या. वीज जाते, उष्णता मात्र अडते. लाटेच्या यंत्रातही तसेच. उंच भागाच्या आडोशाला ठेंगणा भाग ठेवला तर लाट तिथे पोचत नाही आणि सांधा कोरडा राहतो. दोन पाय फार जवळ ठेवले तर मध्ये कथलाचा पूल बांधला जातो.

१९८० नंतर पाय नसलेले, पाटीच्या पृष्ठावरच बसणारे सुटे भाग सर्वत्र आले. एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, तिळापेक्षाही लहान! मिश्रणाचा लेप जाळीतून छापायचा, त्यावर यंत्राने भाग ठेवायचे आणि पाटी भट्टीतून काढायची. इथे एक चमत्कार घडतो. भागाच्या दोन टोकांपैकी एकाचा लेप क्षणभर आधी वितळला तर द्रवाचा ताण त्या टोकाला खाली ओढतो आणि दुसरे टोक वर उचलले जाऊन तो तीळ उभाच राहतो. कारखान्यात त्याला 'टूम्बस्टोन' म्हणतात, म्हणजे थडग्यावरचा उभा दगड. आणि एक टोक आधी का वितळले? बहुधा दुसरे टोक मोठ्या तांब्याला जोडलेले असते म्हणून. म्हणजे थडग्यावरचा हा दगड आराखड्याच्या मेजावरच घडवलेला असतो. उभा राहिलेला दिसतो मात्र कामगाराच्या मेजावर.

हा अनुभव आपल्यालाही परका नाही. १९७३ मध्ये अंधेरीला सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे सीप्झ, सुरू झाले. परदेशी कंपन्यांच्या आराखड्यांवर तिथे हजारो हात राबले आणि त्यांत स्त्रियांचे हात पुष्कळ होते. लंडनमधल्या त्या जुन्या उत्तराचा अर्थ इथे पुन्हा खरा झाला: हात स्वस्त असतील तिथे काम जाते. आराखडा एका देशात, हात दुसऱ्या देशात, असे झाले की दोष कोणाचा हे विचारण्याची वाटच लांब होते.

कामगाराच्या प्रकृतीचीही एक बाब सांगायला हवी. डाग देताना जो धूर निघतो तो शिशाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्या तापमानाला शिशाची वाफ नाममात्रच होते. शिसे पोटात जाते ते बोटांवाटे, न धुतलेल्या हाताने भाकरी खाल्ल्यामुळे. धूर असतो तो राळेचा, आणि त्यानेच दमा जडतो. म्हणजे हात धुणे आणि धूर ओढून नेणारा पंखा, हे दोन निरनिराळे उपाय आहेत. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. इथेही रोग एकाचा आणि बदनामी दुसऱ्याची.

शिशाची गोष्ट तर पुढे फारच गुंतागुंतीची झाली. १९४०च्या दशकात धातूचा मुलामा दिलेल्या सुट्या भागांत आपोआप विजेचा मार्ग जुळून यंत्रे बंद पडू लागली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने शोध घेतला तेव्हा आढळले की कॅडमियम, जस्त आणि कथील यांच्या मुलाम्यातून केसाहून कितीतरी बारीक तंतू आपोआप उगवतात! पाणी नको, वीज नको. महिनोन्‌महिने ते मुकाट्याने वाढत राहतात आणि शेजारच्या मार्गाला टेकले की घात करतात. १९५०च्या दशकात उपाय सापडला, कथलात थोडे शिसे मिसळावे. विषारी म्हणून ओळखला गेलेला धातू इथे राखणदार ठरला. १९ मे १९९८ रोजी गॅलेक्सी ४ हा उपग्रह बिघडला आणि अमेरिकेतले लक्षावधी पेजर एकाएकी मुके झाले. त्याच्या मुळाशी असेच कथलाचे तंतू असल्याचे निदान निर्मात्यांनी केले.

तरीही शिसे गेले, आणि जायलाही हवे होते. फेकलेल्या यंत्रांच्या ढिगांतून ते माती-पाण्यात उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, हे निर्विवाद आहे. १ जुलै २००६ पासून युरोपने बहुतेक उपकरणांत शिशाला बंदी केली. आपल्याकडेही ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमांत तशी मर्यादा आली. नवे मिश्रण बव्हंशी कथलाचे, त्यात तीन टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबे. ते सुमारे २१७ अंशांना वितळू लागते. म्हणजे भट्टी अधिक गरम, पाटीवर ताण अधिक, आणि सांधा निराळ्या स्वभावाचा. पूर्वी चकाकता डाग चांगला आणि काळवंडलेला वाईट, हे पारखी डोळ्याला ठाऊक होते. नव्या मिश्रणाचा चांगला सांधाही मंद आणि खरबरीत दिसतो. एका पिढीची नजर एका नियमासरशी निकामी झाली. विमाने व अंतराळयाने बनवणारे मात्र शिशालाच चिकटून राहिले, कारण तंतूंचे भय त्यांना अधिक.

शेवटी एक करुण प्रसंग. २८ डिसेंबर २०१४ रोजी सुराबायाहून सिंगापूरला निघालेले एअरएशियाचे विमान जावाच्या समुद्रात कोसळले आणि १६२ माणसे गेली. इंडोनेशियाच्या चौकशी समितीने पुढच्या वर्षी अहवाल दिला. विमानाच्या सुकाणूची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या उपकरणाच्या पाटीवर एका सांध्याला चीर गेली होती. विमान उंचावर थंड होते आणि जमिनीवर तापते. पाटी व सुटे भाग कमीजास्त प्रसरण पावतात आणि मधल्या डागाला रोज ओढ बसते. वर्षानुवर्षांच्या ओढीने तो तडकला. तडकलेला सांधा कधी टेकतो, कधी सुटतो. आधीच्या बारा महिन्यांत त्या उपकरणाची तक्रार २३ वेळा नोंदली गेली होती. उपकरण बंद करून पुन्हा चालू करावे, सारे ठीक दिसावे, आणि तक्रार निकालात निघावी! त्या दिवशी तीच सूचना चार वेळा आली. अखेर वैमानिकांच्या कक्षात विद्युत्‌मंडल तोडून पुन्हा जोडण्याचा प्रयत्न झाला, स्वयंचलित नियंत्रण सुटले, आणि पुढच्या गोंधळात विमान हातचे गेले.

केवळ त्या डागाने विमान पडले असे अहवालही म्हणत नाही. एकटा डाग सुटला तर विमान सुखरूप उतरावे अशीच त्याची रचना होती. डागाची चीर, दुरुस्तीची पद्धत आणि वैमानिकांची हालचाल, अशा तीन दुव्यांची ती साखळी होती. पण वृत्तपत्रांत काही दिवस फक्त वैमानिक दिसले, आणि अहवालानंतर काही दिवस फक्त डाग दिसला. त्या तेवीस नोंदींविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. मला राहून राहून त्याच महत्त्वाच्या वाटतात. चीर डोळ्यांना दिसत नव्हती हे खरे. नोंदी तर कागदावर स्पष्ट लिहिलेल्या होत्या. त्या कोणी एकत्र वाचल्या असत्या, तर एका माणसाला एका दुपारी भिंग आणि डागणी घेऊन त्या पाटीपाशी बसवणे एवढेच काम उरले असते.